जुनी ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार, आणि तीही रोज: खान्देशातले अनुभव लिहा

धागा काढायचं कारण सरळ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर अशा गाड्या आता अधूनमधून दिसतात, आणि घेतल्यावर प्रत्येकाला तेच प्रश्न पडतात. पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याला निम्मेच लागू. त्यांच्याकडे ट्रॅफिक आणि पाऊस, आपल्याकडे मे महिना.

जुनी म्हणजे साधारण २००५ ते २०१५ची. मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड४, ऑडी टीटी, निसान ३७०झेड, या जातीची. पोलो जीटी टीएसआयवाल्यांनीही लिहावं, मागे दारं असली म्हणून काय झालं. पण गाडी रोजच्या वापरातली हवी, रविवारी पुसून फोटो काढायची नको. आणि तक्रार लिहिताना कंपनीचं किंवा गॅरेजचं नाव टाकू नका. भांडणं निस्तरायला मला वेळ नाही.

सुरुवात मीच करतो. माझी दोन सीटची, पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जाणारी. सात गिअर, टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनाचा जोर क्लचऐवजी तेलातून पुढे पोचवणारा. जळगाव एमआयडीसी ते भुसावळ, रोज. लोकांना वाटतं मी छत उघडून फिरत असणार. अहो, आपल्याकडे छत उघडायचे दिवस दिवाळी ते संक्रांत, तेही सकाळी नवापर्यंत. बाकी वर्षभर ते जड छप्परच. शिवाय ते घडी घालून डिकीत बसलं की भरताच्या वांग्यांची पिशवी बायकोच्या मांडीवर.

ऊन इंजिनाआधी आतल्या भागाला खातं. त्या काळातल्या बऱ्याच जर्मन गाड्यांत बटणांवर मऊ रबरी लेप असायचा. आपल्या उन्हात तो गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. एसीचं बटण दाबलं की बोट काळं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काडीचा कापूस घेऊन एकेक बटण घासत बसलो, लेप पुरता निघाला, खाली साधं गुळगुळीत प्लास्टिक आहे आणि तेच बरं. अक्षरांवर जोर देऊ नका, तीही निघतात.

आता तुम्ही.


भुसावळचा लोको

गिअरबॉक्सच्या तेलाचं लिहितो, कारण ते कुणी नीट सांगत नाही.

माझी सहा गिअरची, ओल्या दुहेरी क्लचची, म्हणजे तेलात बुडालेले दोन क्लच, आणि ते कॉम्प्युटर चालवतो. तिला दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर लागतो. आधीच्या मालकाच्या कागदांत त्याची नोंदच नव्हती. ‘ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभर चालतं’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कुणाच्या आयुष्यभर, ते विचारा. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच आपल्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या खोक्यांसाठी ८०,००० ते १,२०,००० किमीला तेल बदला म्हणते.

तर तेल पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवलं. मेकॅनिक आमच्या इथलाच, लॅपटॉप जोडून काम करणारा हुशार पोरगा. दुपारी गाडी घेऊन गेलो तर म्हणाला, ‘काका, आज नाही. पहाटे पाचला या.’ मला वाटलं टाळतोय.

कारण ऐका. या खोक्यात तेलाची पातळी दांडी घालून बघत नाहीत. इंजिन चालू ठेवून तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये असताना बघायची. खालच्या प्लगच्या आत एक लहानशी उभी नळी असते. प्लग काढला की जास्तीचं तेल त्या नळीतून गळतं. आधी दोऱ्यासारखी धार, मग थेंब. थेंब पडायला लागले की प्लग बंद, पातळी झाली. तेल गरम झालं की फुगतं, म्हणून पन्नास अंशांवर बघितलं तर नको तेवढं वाहून जातं आणि गाडी थंड झाली की खोक्यात तेल कमी. आता भुसावळला मे महिन्यात दुपारी शेडमध्येच ४४ असतं. इंजिन चालू केल्यावर बघता बघता आकडा हातचा जातो.

पहाटे गेलो. तो खाली झोपलेला, मी लॅपटॉपवरचे अंश मोठ्याने वाचतोय. अडतीसला धार तुटली. आता दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना जो धक्का बसायचा तो गेला.


पाच कंदील

मी धुळ्याची, डॉक्टर. डावा गुडघा क्लच दाबू देत नव्हता म्हणून ऑटोमॅटिक, आणि आयुष्यात एकदा तरी दोन दारांची घ्यायची म्हणून ही. सकाळी शिरपूर, संध्याकाळी धुळ्यातला दवाखाना.

साडी नेसून या गाडीत बसायची रीत आहे. आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना उलट. एक पाय आत आणि एक बाहेर असा प्रकार केलात तर निऱ्या दाराच्या पट्टीला घासतात आणि काळ्या होतात. सासूबाई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्यासोबत निघाल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, ‘हाई गाडीले मांगे दारच नई का व माय?’ नाही म्हटलं. मग धाकट्या जावेच्या गाडीत जाऊन बसल्या.

आग्रा रोडवर संध्याकाळी गाडी चालवायची म्हणजे रांगणंच. हातगाड्या, रिक्षा, मध्येच गाय. तिथे ऑटोमॅटिकचं सुख कळतं. पण इंजिन तापण्याचा काटाही तिथेच वर चढतो, महामार्गावर नाही. रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीत धूळ, किडे आणि कापसाचे तंतू यांचा अक्षरशः नमदा जमतो. तो पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुवून काढला की काटा जागेवर येतो. आणि कृपा करून बोअरचं पाणी कूलंटमध्ये घालू नका. आपल्या पाण्यातले क्षार चहाच्या भांड्यात दिसतात, रेडिएटरमध्ये दिसत नाहीत एवढाच फरक.


चाळीसगाव, विकून मोकळा

विरोधी मत हवं असेल तर घ्या.

माझी कोरड्या दुहेरी क्लचची होती. हायवेला अशी मजा दुसरी नाही, हे कबूल. पण कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसतं. बाजारात ब्रेकवरून पाय जरासा उचलून गाडी सरपटत नेली की आतमध्ये क्लच घसरतच राहतो. म्हणजे हाफ क्लचच, फक्त तुमच्या पायाऐवजी कॉम्प्युटर करतोय. आधी थरथर, मग पॅनेलवर पान्याचं चिन्ह, मग रस्त्याच्या मधोमध गिअरच पडेना. मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा कॉम्प्युटरचा भाग, गेलं म्हणाले. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडीच विकली, सगळं सांगून विकली. आता मॅन्युअल आहे आणि झोप लागते.

ज्यांना तीच ठेवायचीय त्यांनी पुढच्या गाडीशी अंतर सोडा, थांबा, मग पूर्ण सोडून निघा. सरपटू नका.


पाच कंदील

@चाळीसगाव दादा, अंतर सोडलं की त्यात रिक्षा घुसते, त्याचं काय करायचं?


चाळीसगाव, विकून मोकळा

ताई, म्हणूनच विकली.


केळीवाला, सावदा

नमस्कार मंडळी. माझं शेत रस्त्यापासून आत, काळ्या मातीचा रस्ता. पावसाळ्यात त्या रस्त्याने ट्रॅक्टर जातो तोच मोठं नशीब. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी मोठ्या भावाकडे, फैजपूरला डांबरी रस्त्यालगत. तिथपर्यंत मी मोटरसायकलने. हसू येईल, पण भो, गाडी आवडते.

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. गतिरोधक तिरका घ्यायचा. एक चाक आधी, मग दुसरं, आणि मागच्या ट्रकवाल्याला हॉर्न वाजवू द्यायचा. टायर ४० प्रोफाइलचे, म्हणजे खड्डा लागला की रबराआधी रिमच सांगते. टायरची नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात नक्षी शिल्लक असते आणि कडेला भेगा पडलेल्या असतात.

केळीचा चीक मात्र सीटवरून जात नाही. घड उचललेल्या शर्टाने बसलो, तपकिरी डाग पडला तो कायमचा. आता सीटवर टॉवेल.

लग्नसराईत गाडी मागायला येणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: नवरदेव बसेल, ड्रायव्हर बसेल, करवली कुठे बसणार? विषय तिथेच संपतो.


एरंडोल-पारोळा

केळीवाल्या भाऊंचं वाचून हसलो. माझा किस्सा पारोळ्याच्या अलीकडचा. बॅटरी चार्ज होणं बंद झालं आणि गाडी रस्त्याच्या कडेला गप्प.

आपल्याकडे माणसं मदतीला फार लवकर येतात. दोन मिनिटांत धक्का मारायला पोरं हजर. मी सांगतोय की ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, इंजिन बंद असलं की चाकाचा जोर इंजिनापर्यंत पोचतच नाही. कोण ऐकतो? भरपूर ढकललं. मग एक आबा ट्रॅक्टर घेऊन आले, हातात दोर. ‘चल, धुळ्यापर्यंत ओढी लई जास.’ आता त्यांना काय सांगू? मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक तशीच ओढत नेली की खोक्यातली चाकं फिरतात, पण तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन तर बंद. सगळं सुकं घासतं. थोडं अंतर, हळू, एन म्हणजे न्यूट्रलमध्ये, एवढंच चालतं, आणि तेही पुस्तिकेत लिहिलं असेल तर. धुळ्यापर्यंत नेली असती तर बॅटरीचं दुखणं गिअरबॉक्सवर गेलं असतं.

आबांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्यासोबत शेवभाजी खाल्ली आणि सपाट पाटाची क्रेन येईपर्यंत थांबलो. क्रेनचा नंबर आत्ताच फोनमध्ये घेऊन ठेवा. ‘फ्लॅटबेडच पाठवा’ हे दोनदा सांगा.


शहादा

छत घडी होणाऱ्या गाड्यांसाठी एवढंच. छताच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायची भोकं असतात. मेच्या वादळात तिथे धूळ बसते, वर निंबाची पानं, आणि पहिल्या पावसात त्याचा गारा होऊन भोक बंद. काही मॉडेलांत छताचा हायड्रॉलिक पंप नेमका त्याच खोलगट जागेत असतो. पाणी साचलं की तो बुडतो. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची तार घ्या आणि भोकात अलगद फिरवा. लोखंडी तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. मृग लागायच्या आधी हे काम झालंच पाहिजे.

तोरणमाळला सातपायरीच्या घाटातून उतरताना डी म्हणजे ड्राइव्हमध्ये ठेवू नका, गाडी वरचा गिअर घेत राहते आणि सगळा भार ब्रेकवर. हाताने दुसरा धरून ठेवा. इंजिन ओरडतं, ओरडू द्या.


कागदपत्रं बघणारा, जळगाव

मी आरटीओची कामं करतो, गाडी माझी नाही. तरी लिहू द्या.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली. आपल्याकडे १५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढे ५ वर्षांसाठी वाढवता येते. पर्यावरण कर वेगळा. पण फीकडे लक्ष द्या. एप्रिल २०२२ मध्ये साध्या चारचाकीला नूतनीकरणाचे ५,००० आणि आयात गाडीला ४०,००० रुपये ठरले होते. या दोन सीटच्या गाड्या बहुतेक तयार होऊन बाहेरूनच आलेल्या आहेत. आरसी हातात घ्या, आयात लिहिलंय का बघा आणि मगच भाव करा. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. २०१९च्या एप्रिलआधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरची पाटीही लावायची आहे.


गिरणाकाठ

पेट्रोलचं कुणीच लिहिलं नाही? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्यात हळूहळू बिघडतात. माझ्या गाडीत बोनेट उघडलं की वास यायचा. नळी वरून धड होती, बोटाने दाबल्यावर ओलसर लागली. गरम इंजिनावर पेट्रोल, म्हणजे खेळ नाही. सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घालून घेतल्या.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून अर्धी टाकी भरून पावसाळाभर गाडी उभी ठेवणं सगळ्यात वाईट. केळीवाले भाऊ, फैजपूरला कुणालातरी आठवड्यातून एकदा फिरवायला सांगा. नुसती जागेवर सुरू करून नव्हे, तेल तापेपर्यंत.


केळीवाला, सावदा

सांगितलं असतं भो, पण पुतण्या अठरा वर्षांचा आहे. तो तेल तापवेल आणि टायरही.


नवीन, अमळनेर

सगळं वाचलं. २०१०ची एक बघून आलोय, टॉर्क कन्व्हर्टरवाली, ७२,००० चाललेली. घ्यावी का?


भुसावळचा लोको

सकाळी थंड असताना सुरू करून बघ, आधी तापवून ठेवलेली नको. डी आणि आर (रिव्हर्स) मध्ये टाकल्यावर किती वेळाने पकडते ते बघ. तेल कधी बदललं त्याची पावती माग. पावती नसेल तर तेवढे पैसे भावातून काप, आणि मला मेसेज कर, त्या मेकॅनिक पोराचा नंबर देतो. पहाटे पाचची तयारी ठेव.


पाच कंदील

आणि घरच्या सगळ्यांना आधी गाडीत बसवून, उतरवून बघ. आईचे गुडघे कसे आहेत?


नवीन, अमळनेर

आईच म्हणतेय घे. ॲव्हरेज किती देते?


एरंडोल-पारोळा

गावात सात-आठ, हायवेला बारा. पण रस्त्यात कुणी विचारलं तर पंधरा सांगायचं, नाहीतर तिथेच अर्धा तास जातो. त्यानंतरचा प्रश्न ‘कितलाले लिधी?’, म्हणजे केवढ्याला घेतली, हा असतो. त्याचं उत्तर मात्र तुझं तू ठरव.