मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये 'तुवे' कधी आणि 'तेनीआ' कधी?

मंडळी, बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये जाता-येता स्पॅनिश शिकतेय. 'तेनेर' (म्हणजे 'जवळ असणे') या क्रियापदाचा वर्तमानकाळ पाठ झाला: तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. आपण 'मला दोन भाऊ आहेत', 'मला भूक लागलीय', 'मी तीस वर्षांची आहे' म्हणतो. तिकडे तिन्हीला तेनेरच. भूकसुद्धा 'तेंगो आंब्रे'! तेही आता अंगवळणी पडलंय.

अडलंय ते त्याच्या भूतकाळात, 'तुवे' आणि 'तेनीआ' या दोन रूपांत. काल वहीत दोन वाक्यं लिहिली, 'तुवे के सालिर' आणि 'तेनीआ के सालिर'. माझ्या समजुतीप्रमाणे पहिलं म्हणजे 'मला निघावं लागलं', म्हणजे निघालेच. दुसरं 'मला निघायचं होतं'. मग निघाले की नाही, ते त्यात कळत नाही. हे बरोबर आहे ना? मराठीतला हा फरक इतका चपखल बसतोय की उलट शंका येतेय.

पण तापाचं काय? 'तुवे फिएब्रे' आणि 'तेनीआ फिएब्रे', दोन्ही वाचलंय. मी दोन्हीला 'ताप होता'च म्हणेन. भूतकाळातलं वय सांगताना मात्र तेनीआ, एवढं पक्कं आहे.

परीक्षा तोंडावर आलीय. स्पॅनिश शिकवणाऱ्या किंवा तिकडे राहून आलेल्या कुणी तापाची दोन-तीन वाक्यं प्रसंगासकट लिहून दिलीत, तर फार उपकार होतील.