महाडीबीटीवर पैसे जमा दिसतायत, खात्यात मात्र एक रुपया नाही

पोळीभाजी_धनकवडी:
नमस्कार मंडळी. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रिया), ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटक) प्रवेश. पहिल्या वर्षी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता. मुलींना पूर्ण शिक्षण शुल्क माफ, असं पेपरात वाचून आम्ही निर्धास्त होतो. कॉलेजात गेलो तर खिडकीवरची बाई म्हणाली, "आधी सगळी फी भरा, सरकारचे आले की ते तुमचेच." मोहनमाळ पतपेढीत ठेवली आणि १ लाख १८ हजार भरले.

आता महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, पहिल्या हप्त्याचे ५१ हजार दिले म्हणून दिसतंय. फॉर्मवर दिलेल्या बँकेत दोनदा पासबुक भरून आणलं, काही नाही. माझ्याकडे पोळी १० रुपयाला आहे. ५१ हजार म्हणजे ५ हजार १०० पोळ्या, तव्यासमोर उभं राहून. कुणाकडे दाद मागायची? मिस्टर म्हणतात सोडून दे. मी सोडणार नाही.

पर्वती_पायथा:
ताई, फॉर्मवर कुठला खाते क्रमांक लिहिलाय ते विसरा. हे पैसे आधारवरून जातात. आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं, तिथे. एका वेळी एकच बँक असते. "खात्याला आधार लिंक आहे" हे बँकवाले सांगतात ते केवायसीपुरतं, म्हणजे ओळख पटवण्यापुरतं. डीबीटीचं सीडिंग वेगळं, सरकारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे ती नोंद. मायआधारच्या साइटवर लेकीच्या आधार नंबरने लॉगिन करा, तिथे 'बँक सीडिंग स्टेटस' आहे. बँकेचं नाव आणि आधारचे शेवटचे आकडे दिसतील. ओटीपी आधारला जो मोबाइल असेल त्यावरच येतो, तो फोन जवळ ठेवा. आमच्या आत्याची गॅसची सबसिडी अशीच वर्षभर भलत्याच खात्यात जात होती, आणि ती मात्र एजन्सीवाल्याशी भांडत होती.

जुना_क्लार्क:
शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं बसलोय, आता घरी बसतो. वरचं अगदी बरोबर आहे, आधी ते बघा. १० पैकी ७ पोरांचं तेच निघायचं. उरलेल्यांचा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असायचा, कारण क्लार्कला (म्हणजे मलाच) एका वेळी ४०० फॉर्म. तुमचा अर्ज तर सगळी टेबलं पार करून गेलाय.

आता फीबद्दल. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय शोधून त्याची प्रत काढा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के, २०२४-२५ पासून. त्याआधी निम्मंच मिळायचं. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. पण डेव्हलपमेंट फी, जिमखाना, बस, डिपॉझिट हे यात येत नाही, म्हणून १ लाख १८ हजारातले सगळे परत येतील असं धरू नका. पावतीवर शिक्षण शुल्काचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो बघा. सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागायची नाही अशा सूचना कॉलेजांना आहेत. यंदा मागितलीच तर तोंडी बोलू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज, सोबत निर्णयाची प्रत, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोचप्रत. शिक्का पाहिला की खिडकीचा आवाज खाली येतो. नाहीच ऐकलं तर शिवाजीनगरला तंत्रशिक्षणाचं विभागीय कार्यालय आहे.

आणि दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण भरलंत ना? ते आपोआप होत नाही.

बार्शीचा_गडी:
काकू, निदान तुमच्या लेकीला पूर्ण तरी आहे. आम्हा पोरांना त्याच योजनेत निम्मं. मी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यावर धकवतोय, तेही वडिलांचा अल्पभूधारकाचा दाखला आहे म्हणून. विषय भरकटवला, माफ करा. पोळी १० ला कुठे, पत्ता द्या 🙂

पोळीभाजी_धनकवडी:
सापडले!

आधारला मिस्टरांचा जुना नंबर होता, तो सुदैवाने चालू आहे. लॉगिन केलं तर बँकेचं नाव बघून आम्ही तिघंही एकमेकांकडे बघतोय. या बँकेत कोण गेलं होतं? मग लेकीला आठवलं. बारावीच्या सुट्टीत कात्रजला रस्त्याकडेला छत्रीखाली सिमकार्ड विकत होते. तिने घेतलं, त्या पोराने दोनदा अंगठा घेतला. दुसरा अंगठा खात्याचा होता! फोनवरच ते खातं उघडलं तर ५१ हजार जसेच्या तसे. मेसेजही आलेला होता. "आई, मला वाटलं जाहिरात आहे." काय बोलणार.

पैसे तिच्या नेहमीच्या खात्यात वळवून घेतले. त्या नेहमीच्याच बँकेत सीडिंगचा फॉर्म दिलाय, म्हणजे पुढचा हप्ता तिथेच येईल. साइटवर अजून जुनंच नाव दिसतंय, रोज सकाळी कणीक भिजवली की बघते. क्लार्ककाका, पावती काढली, डेव्हलपमेंट फी ११ हजार निघाली, ती गेली म्हणायची. नूतनीकरण भरलं नव्हतं, काल रात्री बसून भरलं. अर्जही लिहून ठेवलाय, सोमवारी शिक्का घेऊन येते.

बार्शीच्या बाळा, मेसेज केलाय तुला. पण शनिवारी दुपारी येऊ नकोस, मोहनमाळ सोडवायला जायचंय. लाटणं लेकीच्या हातात असेल, आणि तिच्या पोळ्या अजून नकाशासारख्या होतात.