घरखर्चातला सगळ्यात डोक्यात जाणारा खर्च कोणता? (आणि फिल्टरच्या एएमसीबद्दल सल्ला हवाय)

ओली_चटणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

एप्रिलपासून मी खर्च लिहून ठेवायला लागले. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारीच. किराणा, भाजी, दूध वाढलंय, पण त्याचा राग येत नाही. खातो तरी. राग येतो तो पैसे जाऊनही घरात काहीच येत नाही अशा खर्चांचा. आहे ते आहे तसं चालू राहावं म्हणून भरायचे पैसे!

आमच्याकडे पहिला नंबर पाण्याच्या फिल्टरचा. २०२१ साली आरओ घेतला. पहिलं वर्ष सर्व्हिसिंग फुकट. मग एएमसी, म्हणजे वर्षभराचा देखभाल करार, ३,९००. यंदा ५,२००. "सगळं त्यात आलं" असं फोनवर सांगितलं होतं. मुलगा आला, मशीन उघडलं, काळा झालेला फिल्टर पांढऱ्या टिश्यूवर ठेवून मला गुन्ह्यातला पुरावा दाखवावा तसा दाखवला. म्हणे, "मेंब्रेन (आरओतला पाणी गाळणारा पडदा) गेलं मॅडम, ते एएमसीत बसत नाही." आणखी २,४००. त्यात तो लाल दिवा पाणी बघून नाही, तारीख बघून लागतो असा मला दाट संशय आहे. आम्ही दीड महिना गावी होतो तरी वेळेवर लागला.

राहायला सिंहगड रस्त्याला. माणसं चार.

एएमसी पुन्हा घ्यावी की बाहेरचा माणूस बोलवावा? मुळात आरओ लागतो का? आणि तुमच्या घरात कोणता खर्च डोक्यात जातो, त्यावर काही उपाय सापडला का, तेही लिहा.

टपरीवरचा_चहा

एएमसी सोडा. मी तीन वर्षांपूर्वी सोडली. कोपऱ्यावरचा प्लंबर स्पन (गाळ अडवणारा) आणि कार्बन (वास-चव सुधारणारा) हे फिल्टर बदलून देतो, वर्षातून दोनदा, मजुरीसकट हजाराच्या आत. स्पन तर मी स्वतःच बदलतो, पाना मशीनबरोबर आलेला असतो. फक्त नळ बंद करायला विसरू नका. मी विसरलो होतो. ओट्याखालच्या कणकेच्या डब्याची खीर झाली.

गाळीव_रत्न

थांबा, आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजा. आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय म्हणून जरा लांबण लावतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आरओचं मुख्य काम ते कमी करणं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. त्याच्या आतलं पाणी असेल तर क्षारांसाठी आरओची गरजच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ वापरू नये, असा आदेशच दिला होता, कारण ही यंत्रं पाणी फार फेकतात. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर मोरीत सोडतं. तुमच्या घरी रोज दहा लिटर प्यायला लागत असेल तर तीस लिटर वाया.

खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ. तुमच्याकडे पालिकेचं पाणी येत असेल तर दोन-अडीचशे रुपयांचा मीटर आणा आणि बघा. बोअरचं किंवा टँकरचं येत असेल तर गोष्ट वेगळी. ते जड असू शकतं आणि आज एक तर उद्या दुसरं. तेव्हा एकदा मोजून भागत नाही.

ओली_चटणी

@गाळीव_रत्न, धन्यवाद. पण एक अडचण. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, दूषित पाण्याशी जोडला गेलेला नसांचा आजार) रुग्ण निघाले ते आमच्याच पट्ट्यात. नांदेड, किरकटवाडी, धायरी. तेव्हापासून सासूबाई फिल्टरचं पाणीसुद्धा उकळून पितात. आता आरओ काढूया असं मी म्हटलं तर मलाच उकळतील.

गाळीव_रत्न

सासूबाईंचं बरोबर आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

लोक इथेच गोंधळतात. टीडीएस मीटर जंतू मोजत नाही. ६० टीडीएसचं चवदार पाणी दूषित असू शकतं आणि ७०० चं मचूळ पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ. जंतूंसाठी उकळणं हा सगळ्यात खात्रीचा आणि जुना उपाय. खळखळून उकळी आली पाहिजे, नुसती वाफ नाही. किंवा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा असलेला फिल्टर. त्यात मेंब्रेन नाही, पाणी फेकणं नाही, फक्त दिवा वेळेवर बदलायचा. पाणी गढूळ असेल तर यूव्हीचा किरण आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आधीचा गाळणीचा फिल्टर चांगला हवा.

आणि आरओ आहे तोवर फेकपाण्याची नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं.

संत्र्याची_साल

तुम्ही पुण्याचे लोक फिल्टरवर रडून राहिले, आमच्या नागपूरचा कूलर पाहा बाप्पा. वापर अडीच महिने, खर्च बारमाही. होळी झाली की ताट्या बदला. मग मोटर जळलेली निघते. मग टाकीले भोक. दरवर्षी वाटते, या पैशात एसीचा हप्ता निघाला असता. मग एसीवाल्या शेजाऱ्याचं मे महिन्याचं बिल पाहतो अन् गुमान ताट्या आणतो.

उपाय तीन, अनुभवाचे. मोटर कोरडी चालू देऊ नका, पाणी संपलं की तीच आधी जळते. सीझन संपला की टाकी रिकामी करून, पुसून, उन्हात वाळवून ठेवा, तशीच झाकू नका. अन् गवताच्या ताट्यांऐवजी हनीकोंबवाल्या लावा. महाग पडतात, पण माझ्या आता चौथ्या उन्हाळ्यात आहेत. पाणी जड असलं की त्यावर पांढरा थर बसतो, तेवढं ब्रशनं काढत जा.

उशिरा_आलेला_पाहुणा

माझा मोबाईल रिचार्ज. महिना २८ दिवसांचा कोणी केला? वर्षाला तेरा रिचार्ज होतात. अठ्ठावीस तेरं तीनशे चौसष्ट, करून बघा. पगार बाराच. आमच्याकडे पाच फोन, पाचांच्या तारखा पाच. आईचा फोन गावी बंद पडला की ती शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारते, "तुझं सगळं बरं आहे ना?"

मधली_सुट्टी

@उशिरा_आलेला_पाहुणा, यावर उपाय आहे, फक्त तो शोधायला लागतो. ट्रायने (दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था) २०२२ च्या जानेवारीतच सांगितलंय की प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवला पाहिजे. त्याहून कामाचं म्हणजे डिसेंबर २०२४ चा नियम. फक्त बोलणं आणि एसेमेस असलेले, डेटा नसलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक झालं, आणि मुदतही ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. तुमच्या आई नेट वापरत नसतील तर रोजच्या दीड जीबीचे पैसे कशाला? अॅपमध्ये हा पॅक अगदी तळाशी असतो, वरच्या रंगीत चौकोनांना भुलू नका. मी दोन्ही आजोबांना वर्षभराचा मारून दिला. आता ते फोन चार्ज करायला विसरतात, पण तो प्रश्न ट्रायचा नाही.

उशिरा_आलेला_पाहुणा

सापडला! खरंच तळाशी होता. शतशः आभार.

निवृत्त_तारमार्ग

विजेच्या बिलाबद्दल अजून कुणी कसं बोललं नाही? नोकरी त्याच क्षेत्रात झाली, म्हणून दोन गैरसमज दूर करतो.

एक, "३०० युनिट ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने लागतं." नाही. घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यावर. ३१० युनिट झाले तर वरचा दर फक्त शेवटच्या दहांना. दोन, "घर बंद होतं तरी बिल आलं, म्हणजे मीटर बिघडला." स्थिर आकार घर बंद असलं तरी लागतो. त्याखाली वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तुम्ही वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे हे बाकीचेही थोडे वाचतात.

कुठे वाचवायचं? साधा पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तिशीच्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला तर पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, झोपायच्या खोलीतला आधी बदला, तोच जास्त फिरतो. दोन किलोवॅटचा गीझर तासाला दोन युनिट खातो, तो अंघोळ झाल्यावर बंद करायची सवय लावा. मोबाईलचा चार्जर काढून ठेवून मात्र काही वाचत नाही. आमच्या घरात त्यावरून चाळीस वर्षं भांडणं चालू आहेत. म्हणजे मोबाईलच्या आधी टेपरेकॉर्डरवरून होती.

खारी_बिस्किट

सोसायटीचा मेंटेनन्स. बस्स. एवढंच लिहून थांबणार होते, पण नाही.

आमची टू बीएचके भाड्याने दिली, तर समितीने महिन्याला थेट दुप्पट मेंटेनन्स लावला. "भाडेकरू लिफ्ट जास्त वापरतात." नवरा म्हणाला, भर आणि सोड. मी उपविधी वाचले. सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाड्याच्या फ्लॅटवर नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसल्याचं) शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतं, त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, क्षेत्रफळावर नाही. थकबाकीवरच्या व्याजालाही मर्यादा आहे आणि तेही सरळव्याज. लेखी पत्र दिलं, पोच घेतली. दोन महिन्यांत बिल सुधारून आलं. आता लिफ्टमध्ये सचिव माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे वाचतात.

अपार्टमेंट असेल तर मात्र हिशोब वेगळा, तिथे खर्च हिश्श्याच्या टक्केवारीने वाटतात. आधी आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट ते कागदावर बघा.

टपरीवरचा_चहा

+१. आमच्याकडे गॅसवाला. सिलिंडर आणला की वर पन्नास मागतो. बिलात घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो ना?

मधली_सुट्टी

असतो. आणि वजन करून दाखवा म्हणायचाही हक्क आहे. आतला गॅस १४.२ किलो, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, बेरीज जुळली पाहिजे.

पण खरं सांगू? आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीस किलो खांद्यावर घेऊन तो चढतो. मी तीस रुपये आणि ताक देते. सगळ्याच खर्चांचा राग यावा असं काही नाही.

टपरीवरचा_चहा

आमच्याकडे लिफ्ट आहे ओ.

कापूर_आरती

फुलपुडी. रोजचे दहा, महिन्याचे तीनशे. त्यात चार शेवंतीच्या पाकळ्या, एक मान टाकलेला झेंडू आणि तीन दूर्वा, त्यातली एक गवत. बंद करायचं धाडस होत नाही, कारण तो फुलवाला माझ्या लग्नाआधीपासून या दाराला पुडी अडकवतोय. सल्ला नको, फक्त मन मोकळं केलं.

शून्य_शिल्लक

माझ्याकडून एकच. आपल्या यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असं एक पान असतं. आज उघडून बघा. मला तिथे तीन भुतं सापडली. मुलाने एका स्पर्धेसाठी घेतलेलं अभ्यासाचं अॅप, बायकोचं योगाचं, आणि माझं एक मासिक, जे मी शेवटचं कधी उघडलं ते आठवत नाही. तिघं मिळून महिन्याला ६४७. तिथल्या तिथे रद्द करता येतं. पैसे कापायच्या आदल्या दिवशी सूचना येणं बंधनकारक आहे आणि ती येतेही, पण आपण सगळे निरोप एका फटक्यात पुसतो.

गाळीव_रत्न

@ओली_चटणी, मीटर आणलात का? उत्सुकता आहे.

ओली_चटणी

आणला, २४० रुपये. नळाचं पाणी ६८. फिल्टरचं १९. म्हणजे ६८ चं १९ करायला मी वर्षाला पाच हजार आणि मोरीत हजारो लिटर पाणी घालत होते.

पावसाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो का, हे वॉचमनला विचारलं. म्हणाला, पावसाळ्यात नाही, एप्रिल-मेमध्ये येतो. म्हणून तेव्हा पुन्हा मोजणार. एएमसी घेत नाहीये. आहे ते मशीन प्लंबरकडून स्पन-कार्बन बदलून चालेल तोवर चालवायचं, गेलं की यूव्ही. प्यायचं पाणी सासूबाई उकळतातच, त्यांना "तुमचं बरोबर होतं" असं सांगितलं तेव्हापासून घरात वातावरण फारच चांगलं आहे.

कंपनीतून काल फोन आला, आज रात्री बारापर्यंत एएमसीवर वीस टक्के सूट. मी विचारलं, नळाचा टीडीएस ६८ असेल तर मला मेंब्रेन कशाला? ती मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी सिनिअरना विचारून कॉल बॅक करते." अजून आला नाही.

उशिरा_आलेला_पाहुणा

मीटर कुठला घेतलात? आणि आठवडाभर उसना मिळेल का? मी वारज्यात असतो.

ओली_चटणी

दिला असता हो. पण नवऱ्याने रविवारी घरातलं सगळं मोजायला घेतलं. माठ, शेजारच्यांचा जार, वरणाचं पाणी. शेवटी सोलकढी. तेव्हापासून कशातही बुडवला तरी ९९९ दाखवतोय.