दुसरा राउटर: राउटर म्हणूनच चालवायचा, की नुसता ॲक्सेस पॉइंट?

पोटमाळा:
फायबर घेतलं की कंपनीचा डबा येतो, राउटरचं कामही तोच करतो. वरच्या मजल्यावर रेंज मिळेना म्हणून लोक दुसरा राउटर आणतात, डब्यातून वायर काढून त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट घेण्याच्या) खोचतात. नेट चालू होतं आणि विषय संपला असं वाटतं. माझ्या मते हे चूक आहे. घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात. प्रिंटर खालच्यावर, मोबाइल वरच्यावर, मग प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता डब्याचंच नेटवर्क वायफायवर देईल. तसा मोड नसला तरी जमतं: डब्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्या (डब्याच्या डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटण्याच्या, रेंजबाहेरचा असावा), राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या) लावा. आयपी वाटणारा घरात एकच हवा.

निळी_वायर:
साफ असहमत. राउटिंग तुम्ही कंपनीच्या डब्यावर सोपवताय. टीआर-०६९ ही लांबून डबा सांभाळायची सोय चालू असेल तर कंपनी त्याची सेटिंग आणि फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलू शकते. काही डब्यांत डीएनएससुद्धा (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारा सर्व्हर) बदलू देत नाहीत. माझ्या नेटवर्कचं दार माझ्याच ताब्यात हवं. डबा ब्रिज मोडला टाका (मग तो राउटिंग सोडून नुसतं नेट पुढे देतो), पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या नेटवर लॉगिन करायचा, यूझरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. घरातलं दुहेरी नॅटही (एका आयपीमागे अनेक उपकरणं चालवणारी पत्ताबदली दोनदा होणं) जातं.

पोटमाळा:
ब्रिज करून दिला तर! लँडलाइनही बहुतेकदा त्याच डब्यावर असते. नेट गेलं की हेल्पलाइन आधी डबा पूर्ववत करायला सांगते. घरी आईवडीलच असतील तर त्यांनी काय करायचं? शिवाय वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसत असेल तर कंपनीकडेही एक नॅट आहे. म्हणजे ब्रिज करूनही पोर्ट फॉरवर्डिंगनं (बाहेरची जोडणी घरातल्या उपकरणाकडे वळवून) बाहेरून कॅमेरा दिसणार नाही.

ओटीवरून:
मी दोन नेटवर्कं मुद्दाम ठेवलीत. घरचे कॉम्प्युटर डब्यावर, पाहुणे दुसऱ्या राउटरवर. आमच्या फायलींपर्यंत कुणी पोचू नये म्हणून.

निळी_वायर:
ही मांडणी उलटी आहे, आणि धोक्याची. दुसऱ्या राउटरमागचा मोबाइल डब्याच्या नेटवर्कवर सहज पोचतो, कारण राउटरला ते बाहेर जाणारं साधं ट्रॅफिक वाटतं. अडवलं जातं ते बाहेरून आत येणारं. म्हणजे तुमचे पाहुणे सुरक्षित आहेत आणि तुमचे कॉम्प्युटर उघडे. आजच डब्यावरचं गेस्ट नेटवर्क चालू करून पाहुण्यांना तिकडे हलवा, आणि गेस्टवरून घरचा प्रिंटर दिसत नाही ना ते तपासा.

ओटीवरून:
हे लक्षातच आलं नव्हतं, बदलतो. वायफायचं नाव दोन्हीकडे एकच ठेवू का?

पोटमाळा:
हो. नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी तीच, म्हणजे जिना चढताना मोबाइल आपोआप वरचा सिग्नल धरेल. चॅनल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. रुंदी २० मेगाहर्ट्झच, ४० केली तर शेजाऱ्यांशी टक्कर. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) बंद.

निळी_वायर:
चॅनलचं मान्य. पण २.४ आणि ५ ला एकच नाव नको. बरेच स्मार्ट प्लग आणि कॅमेरे फक्त २.४ वर चालतात, जोडताना मोबाइल ५ वर असला की काही अडून बसतात. २.४ ला वेगळं नाव द्या. आणि आईवडिलांच्या घरी ब्रिज नको हे मान्य. माझ्या घरी मात्र डबा ब्रिजवरच राहणार.