अमिश फ्रेंडशिप ब्रेडचं स्टार्टर फुगलंय, फेकू का?

कोथरूडची_सून: सोसायटीतल्या काकूंनी झिपलॉकमधे स्टार्टर (ब्रेडसाठीचं मैदा-साखर-दुधाचं आंबवलेलं मिश्रण) दिलंय, म्हणाल्या रोज पिशवी चोळायची, ६व्या आणि १०व्या दिवशी मैदा-साखर-दूध एकेक कप घालायचं, मग एकेक कप इतरांना वाटून उरलेल्याचा ब्रेड. पण ह्या उन्हाळ्यात पिशवी पार फुगलीये आणि आंबूस वास येतोय, साबा (सासूबाई) म्हणतायत टाकून दे 😅

पेठेतला_बेकर: अजिबात टाकू नका! यीस्टचा गॅस आहे तो, झिप उघडून सोडून द्या. आंबूस वास चालतो, पण बुरशी किंवा गुलाबी-केशरी छटा दिसली तर मात्र सरळ फेका, वरवरचं काढून वापरू नका. पुण्याच्या उन्हाळ्यात पटापट आंबतं, फ्रीजमधे ठेवलं की मंदावतं.

आंबटगोड: +१. आणि स्टार्टरमधे अंडं नसतं हां, ते बेक करताना पडतं, त्यामुळे शाकाहारी शेजाऱ्यांनाही बिनधास्त द्या, ते दही घालून करतील. दालचिनी सढळ हाताने घाला, साखर थोडी कमी केली तरी चालते (माझ्या मते मूळ प्रमाण फारच गोड आहे).

कोथरूडची_सून: थँक्यू! पण एवढे कप घेणार कोण, आमच्या विंगमधे सगळ्यांकडे आधीच आहे

पेठेतला_बेकर: फ्रीझ करा की, कपाकपाने. नाहीतर लोक लिफ्ट टाळायला लागतील तुम्हाला बघून