दोघांसाठी परवडणारी क्रूझ: कोल्हापूरहून जाताना निवड कशी करावी?

प्रश्न: राजारामपुरीकर

नमस्कार. येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला पंधरा वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून आम्ही दोघांनीच चार-पाच दिवस समुद्रप्रवासाला जावे, असा विचार आहे. कोल्हापूरहून निघून कोल्हापूरला परत येईपर्यंतचा दोघांचा मिळून एकूण खर्च एक लाख रुपयांच्या आत बसावा, अशी अपेक्षा आहे. चौकशी केल्यावर मुंबई–गोवा–मुंबई, मुंबई–लक्षद्वीप आणि सिंगापूरहून सुटणारी क्रूझ असे तीन पर्याय समोर आले. प्रत्येक ठिकाणी सांगितलेला दर आणि प्रत्यक्ष भरायची रक्कम यांत इतका फरक दिसतो, की तुलना कशी करावी हेच समजेनासे झाले आहे. सौभाग्यवती पूर्ण शाकाहारी आहेत आणि गगनबावड्याच्या घाटात त्यांना हमखास गाडी लागते, त्यामुळे बोट लागण्याची भीतीही आहे. खिडकी नसलेली स्वस्त खोली घ्यावी की थोडे अधिक पैसे मोजावेत, याबद्दलही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर: सागरवाट

नमस्कार. आपल्या अंदाजपत्रकात सिंगापूर बसवणे अवघड आहे, म्हणून ते आधी बाजूला ठेवतो. तिथली जहाजे मोठी आणि देखणी असतात, तीन रात्रींचा दरही कधीकधी मुंबईच्या दराच्या जवळपास दिसतो; परंतु त्यावर दोघांचे विमानभाडे, व्हिसा आणि जहाज सुटण्याच्या आदल्या रात्रीचे हॉटेल चढते. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा सिंगापूरला येत असेल, तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही पाहावे लागते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, लागतो. तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येत असला तरी त्या वेळी खिशातून जातोच.

मुंबईहून 2021 पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज चालते. जहाज 1990 साली बांधलेले आहे, त्यामुळे नव्या जहाजांच्या मानाने खोल्या लहान आणि बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत. शाकाहारी जेवणाची मात्र अजिबात काळजी नको, कारण प्रवासी बहुतांशी भारतीय असतात आणि जैन जेवणसुद्धा मिळते.

आता दराविषयी. जाहिरातीतील आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघे राहणार हे त्यात गृहीत धरलेले असते. त्यावर बंदरशुल्क, सेवकवर्गासाठीची ठरावीक रक्कम आणि जीएसटी लागतो. म्हणून प्रत्येक पर्यायाचे आरक्षण पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पानापर्यंत न्यावे, तिथे दिसणारी दोघांची एकूण रक्कम लिहून घ्यावी आणि तिला रात्रींच्या संख्येने भागावे. हा एकच आकडा तुलनेस योग्य असतो. मद्य, इंटरनेट, स्पा आणि बंदरावर उतरून करायच्या सहली यांचे पैसे सामान्यतः वेगळे असतात. जहाजावर रोख रकमेचा व्यवहार नसतो. खोली उघडण्याचे जे कार्ड मिळते त्याच्यावरच सगळा खर्च नोंदला जातो आणि अखेरच्या दिवशी एकदम बिल येते. रोज रात्री स्वागतकक्षात जाऊन त्या दिवसाची नोंद पाहून घ्यावी, म्हणजे हात आवरता राहतो. ‘मुले मोफत’ अशा सवलतींचा आपल्याला काहीच उपयोग नाही. उलट ज्या फेऱ्यांवर त्या सवलती असतात, तिथे गर्दी आणि गोंगाट अधिक असतो. दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार टाळून जानेवारीतील आठवड्याच्या मधली फेरी घेतली, तर दरही उतरतो आणि निवांतपणाही मिळतो.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. जहाज कुठे जाते यापेक्षा ते किती वेळ समुद्रात असते, याला कोल्हापूरच्या माणसाने महत्त्व द्यावे. दिल्लीच्या किंवा इंदूरच्या प्रवाशाला गोव्याच्या थांब्याचे अप्रूप असणे स्वाभाविक आहे. आपण आंबोलीमार्गे पाच-एक तासांत पणजी गाठतो. जहाज मुरगाव बंदराला लागल्यावर टॅक्सी करून घाईघाईने एखादा किनारा पाहून यायचे आणि त्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे, याची आपल्याला गरज नाही. त्या दिवशी जहाजावरच राहावे. बहुतेक प्रवासी उतरून गेलेले असतात, पोहण्याचा तलाव रिकामा असतो, वरच्या डेकवर सावलीतल्या खुर्च्या हव्या तितका वेळ मिळतात आणि एरवी रांग लागणाऱ्या जेवणाच्या दालनात खिडकीलगतचे टेबल सहज मिळते. पंधरा वर्षे संसार आणि नोकरी सांभाळलेल्या जोडप्याला असे मोकळे तास मिळणे फार मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

लक्षद्वीपचे पाणी अप्रतिम आहे, परंतु तिथे जहाज खोल समुद्रात नांगर टाकून उभे राहते आणि लहान होड्यांतून बेटावर न्यावे लागते. वारा वाढला तर उतरणे रद्द होते आणि करारात तशी तरतूद असते. त्या फेरीचा दर आणि रात्रीही अधिक असतात. पहिल्याच वेळी त्या एका गोष्टीवर सगळी सहल टांगून ठेवू नये.

खोलीबाबत म्हणाल तर खिडकी असलेली घ्यावी. आरक्षण करताना ‘दोन्ही पलंग जोडून द्यावेत’ असे आवर्जून लिहून द्या, कारण अनेक खोल्यांत दोन अरुंद पलंग भिंतींना लावलेले असतात आणि मध्ये एक छोटे कपाट असते.

उत्तर: शाहूपुरीतील वाचक

वरील उत्तराशी बहुतांश सहमत आहे, पण खोलीबद्दल माझे मत निराळे आहे. झोपणे आणि कपडे बदलणे एवढ्याचसाठी आपण खोलीत जातो. समुद्र पाहायला वरचा डेक सर्वांना सारखाच खुला आहे. खिडकी नसलेली आतील खोली घेऊन जे पैसे वाचतात, त्यात मुंबईत आदल्या दिवशी मुक्काम करता येतो. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तिथून बॅलार्ड पिअर अगदी जवळ आहे, हे खरे. तरीही गाडीला मोठा उशीर झाला आणि जहाजावर चढण्याची वेळ संपली, तर जहाज कोणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

उत्तर: औषधविचार

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून केवळ बोट लागण्याविषयी लिहितो; त्यातच खोलीच्या वादाचेही उत्तर मिळेल.

डोळ्यांना स्थिर भिंती दिसतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. खिडकी नसलेल्या खोलीत ही विसंगती वाढते. नजर क्षितिजावर ठेवता आली तर ती कमी होते. ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांच्यासाठी आतील खोलीतली बचत योग्य नव्हे. मात्र खिडकी हवी म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरची किंवा अगदी नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडची, खोलीही घेऊ नये, कारण तिथे झोके जास्त जाणवतात. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची, न उघडणाऱ्या काचेच्या खिडकीची खोली आपल्यासाठी उत्तम, आणि ती बाल्कनीच्या खोलीपेक्षा स्वस्तही असते. काही स्वस्त दरांत खोलीचा क्रमांक कंपनीच ठरवते. तो दर आपण घेऊ नये.

जानेवारीत अरबी समुद्र सहसा शांत असतो आणि मोठ्या जहाजांना झोके कमी करणारी यंत्रणाही असते, त्यामुळे घाटाइतका त्रास बहुधा होणार नाही. तरीही आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा आणि ती जहाज सुटण्यापूर्वीच घ्या, कारण उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते आणि त्यांच्यासोबत मद्य घेऊ नये. पोट अगदी रिकामे ठेवू नका. आल्याने काहींना बरे वाटते. आलेपाक न्यायचा असेल तर बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्याचे नियम आधी विचारून घ्या.

राजारामपुरीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिंगापूर आणि लक्षद्वीप हे दोन्ही विचार सोडले आणि मध्यभागातील खिडकीची खोली नक्की केली. एकच शंका उरली आहे. गोव्याहून परत मुंबईला येऊन रात्रीच्या गाडीने कोल्हापूर गाठण्यापेक्षा गोव्यातच उतरता येते का?

उत्तर: सागरवाट

येते, पण मधूनच नव्हे. मुंबई–गोवा अशा एकमार्गी फेऱ्याही विकल्या जातात. आपल्या तारखांना तशी फेरी असेल, तर कोल्हापूरकरांसाठी ती सर्वांत सोयीची ठरते. महालक्ष्मीने मुंबई, मुंबईहून जहाजाने गोवा आणि तिथून सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणी या रस्त्याने घरी, असा पूर्ण फेरा होतो. रात्री कमी असल्याने खर्चही उतरतो आणि उरलेल्या पैशांत आंबोलीत एक मुक्काम सहज बसतो. मुंबई–गोवा–मुंबई तिकीट काढून गोव्यात परस्पर उतरण्याचा विचार मात्र करू नका. प्रवाशांची नोंद कडक असते आणि आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय तसे करता येत नाही. दोघांचीही आधार कार्डे मूळ स्वरूपात बरोबर ठेवा आणि आरक्षणातील नावे त्यांच्याशी अक्षरशः जुळतात ना, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाका, जहाजावरच्या उपग्रह-नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला, तर रोमिंगचे बिल फार मोठे येते. घरी मुले असल्याने रोज एकदा तरी बोलावेसे वाटेल, तेव्हा इंटरनेटचे लहानात लहान पॅकेज किती रुपयांचे आहे, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून ते अंदाजपत्रकात धरा.