प्राचीन इजिप्तचे वैद्यक: मूळ पपायरस ऑनलाइन कुठे वाचावेत?

मांडवीकाठ, पणजी
म्हापशाच्या एका वाचनालयात प्राचीन वैद्यकावर बोलायचे आहे. एबर्स आणि एडविन स्मिथ हे दोन पपायरस (पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरच्या गुंडाळ्या) मुळातून दाखवायचे आहेत. पपायरी डॉट इन्फो या पपायरसांच्या मजकुराच्या संकेतस्थळावर एबर्स शोधला, हाती काहीच लागत नाही. कुठे चुकते?

बोरू-शाई, फोंडा
तिथे तो मिळणारच नाही. त्या साठ्याचा भर ग्रीक, लॅटिन आणि कॉप्टिक (इजिप्शियन भाषेचे नंतरचे रूप) मजकुरावर. एबर्स हायरॅटिक लिपीत, म्हणजे जुन्या इजिप्शियन चित्रलिपीच्या जलद हाताने लिहायच्या रूपात, इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा. तो लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि त्यांनी त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ केले आहे. वाचताना ध्यानात ठेवा, ओळी उजवीकडून डावीकडे जातात.

खरा घोळ होतो रकान्यांच्या आकड्यांत. शेवटचा रकाना ११० वा, पण २७ नंतर थेट ३० येतो. मजकूर सलग आहे, म्हणजे रकाने १०८ च. दोन रकाने गहाळ झाले, असे कृपा करून सांगू नका. संदर्भ देताना रकाना व ओळ लिहा आणि परिच्छेद क्रमांकही जोडा. ते ८७७ पर्यंत जातात.

अनेक वनस्पतींची ओळख अजून पटलेली नाही. भाषांतरात प्रश्नचिन्ह असेल तर ते तुमच्या स्लाइडवरही राहू द्या.

पाटो-वाचक
एडविन स्मिथ न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनकडे आहे. त्याची चित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या 'टर्निंग द पेजेस'मध्ये उलटून पाहता येतात. इजिप्तविद्येचे अभ्यासक ब्रेस्टेड यांनी काढलेली त्याची १९३० ची आवृत्ती दोन खंडांची आहे. पहिल्यात भाषांतर व टीपा, दुसऱ्यात छायाचित्रे. एकच खंड उतरवून घेतलात तर अडाल.

एकूण ४८ रुग्ण, डोक्यापासून खाली. शेवटचा तर वाक्याच्या मध्येच तुटतो. श्रोत्यांना सहावा जरूर वाचून दाखवा: कवटी फुटून मेंदू उघडा पडलेला, आणि त्याच्या वळ्यांना वितळलेल्या तांब्यावरच्या सुरकुत्यांची उपमा. निदानानंतरचा निर्णय तीनच प्रकारचा: उपचार करीन, झुंज देईन, उपचार करण्याजोगे नाही.

गोव्यात बोलताय, तर गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यालाही थोडा वेळ द्या. औषधी वनस्पतींवरचे त्याचे संवाद इथेच १५६३ मध्ये छापले गेले. मार्कहॅमचे १९१३ चे इंग्रजी भाषांतर इंटरनेट आर्काइव्हवर आहे.

मांडवीकाठ, पणजी
उपकार झाले. मग पपायरी डॉट इन्फोचा मला काही उपयोग?

बोरू-शाई, फोंडा
ग्रीक वैद्यकीय तुकड्यांसाठी नक्कीच. शोध ग्रीक अक्षरांतच टाका, स्वरचिन्हे दुर्लक्षित करण्याचा पर्याय निवडून. चौकटी कंसातली अक्षरे पपायरसवर उरलेली नाहीत, ती संपादकाने भरलेली. अक्षराखाली टिंब म्हणजे वाचन संशयास्पद. औषधाचे नाव अख्खे कंसात असेल तर ते पुरावा म्हणून वापरू नका.